बीकरमधला पिवळा थर: शिवाजी विद्यापीठाच्या नॅनो-सहकार्याची पार्श्वभूमी

कॅडमियमचा क्षार, अमोनिया आणि थायोयुरिया यांचे नितळ द्रावण बीकरमध्ये घेऊन त्यात धुतलेली काचपट्टी उभी ठेवली आणि द्रावण तापवले, की काही वेळाने ते पिवळे पडून गढूळ होते. पट्टी बाहेर काढून धुतल्यावर तिच्यावर कॅडमियम सल्फाइडचा पारदर्शक पिवळा थर चिकटलेला दिसतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे नॅनोविज्ञानातील परदेशी सहकार्य माझ्या मते या साध्या प्रयोगातूनच वाढले.

1973 च्या तेलसंकटानंतर जगभर सौरऊर्जेकडे लक्ष वळले. सौरघटांना कॅडमियम सल्फाइडसारख्या अर्धवाहकांचे (धातू आणि विद्युतरोधक यांच्या मधल्या पदार्थांचे) थर लागतात. ते हवा काढून घेतलेल्या पात्रात बनवणारी निर्वात-यंत्रणा महाग होती, म्हणून 1962 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात एस. एच. पवार, सी. डी. लोखंडे यांच्यासारख्या संशोधकांनी रासायनिक पद्धतींवर भर दिला. पी. एस. पाटील यांच्या कामामुळे तापलेल्या काचेवर द्रावण फवारण्याची पद्धतही येथे रुजली. फ्रान्समध्ये संशोधक निकोलाऊ यांनी 1985 साली मांडलेली ‘सिलार’ पद्धत तर चार बीकरांवर चालते: पट्टी धन आयनांच्या द्रावणात, मग पाण्यात, मग ऋण आयनांच्या द्रावणात आणि पुन्हा पाण्यात बुडवायची, आणि थर हवा तेवढा जाड होईपर्यंत हेच चक्र चालू ठेवायचे.

अशा थरांतले कण बहुधा काही नॅनोमीटरचेच (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) असतात. कण एवढा लहान झाला की अर्धवाहकाचा बँड गॅप, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा, रुंदावतो आणि थराचा रंगही बदलतो. बीकरमध्ये बनवलेल्या कॅडमियम सेलेनाइडच्या थरांत हा परिणाम 1987 साली नोंदवला गेला. म्हणजे ‘नॅनो’ हा शब्द सर्वतोमुखी होण्याआधीच ते पदार्थ अशा बीकर-पद्धती वापरणाऱ्या प्रयोगशाळांत तयार होत होते.

मात्र थर बनवणे स्वस्त असले, तरी त्यातला कण पाहायला उच्च क्षमतेचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो, आणि सहकार्याची खरी गरज येथेच निर्माण झाली. बर्लिनच्या हान-माइटनर संस्थेतील शास्त्रज्ञांबरोबर लोखंडे यांनी इंडियम सल्फाइडच्या थरांवर केलेले काम 1999 साली प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास दक्षिण कोरियाने आपल्या विद्यापीठीय संशोधनात मोठी गुंतवणूक सुरू केली. सोलची कोरिया विज्ञान-तंत्रज्ञान संस्था, हानयांग विद्यापीठ आणि ग्वांगजूचे चोन्नाम राष्ट्रीय विद्यापीठ येथे कोल्हापूरचे संशोधक जाऊ लागले. त्यांनी नेलेले कसब हे त्यांचे स्वतःचे होते, आणि म्हणून हे नाते बरोबरीचे राहिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पुढे विषय सौरघटांवरून सुपरकपॅसिटरकडे, म्हणजे विद्युतभार झटपट साठवून सोडणाऱ्या साधनांकडे, सरकला. रुथेनियम ऑक्साइडचे थर विद्युतभार उत्तम साठवतात, पण तो धातू अतिशय महाग आहे. म्हणून मँगनीज, कोबाल्ट, निकेल यांच्या स्वस्त ऑक्साइडांचे सच्छिद्र थर त्याच बीकर-पद्धतींनी बनवले जाऊ लागले. 2007 साली केंद्र सरकारने पाच वर्षांसाठी 1000 कोटी रुपयांचे नॅनो मिशन जाहीर केले, तेव्हा कोल्हापुरात या कामाची घडी आधीच बसलेली होती.