‘साप दिसला नाही’ हेही लिहायचं

रविवारी सकाळी सात ते आठ, वनखात्याची परवानगी घेऊन, ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या पायवाटेवर आम्ही तिघं साप मोजायला फिरलो. कारवीत, दगडांच्या फटींत, बांबूच्या बेटात नजर घातली. साप एकही नाही. वहीत लिहिलं: ढगाळ, एक तास, तीन माणसं, साप शून्य. नवीन आलेल्या मुलीने विचारलं, “काका, काहीच दिसलं नाही, मग लिहायचं कशाला?”

ठाण्यात सापांची खबर बहुतेकदा सर्पमित्रांना येणाऱ्या फोनमधून मिळते. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं, साप सोसायटीच्या पार्किंगमध्ये येतात. सर्पमित्रांचं काम मोलाचंच आहे, पण त्या फोनवरून साप आणि माणूस कुठे समोरासमोर येतात तेवढंच कळतं. जंगलात साप वाढले की घटले, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी ठरलेल्या वाटेवर, ठरलेल्या वेळी, पुन्हा पुन्हा जावं लागतं.

समजा, या वाटेवर एक चापडा, म्हणजे झाडावर बसणारा हिरवा साप, आहे आणि एका फेरीत तो दिसण्याची शक्यता पाचात एक आहे. म्हणजे तो हुकण्याची शक्यता ८० टक्के. पाच फेऱ्यांतही तो न दिसण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के उरते, दहा फेऱ्यांनंतर ११. ती पाच टक्क्यांच्या खाली यायला १४ फेऱ्या लागतात. रिकाम्या फेऱ्या लिहिल्याच नाहीत, तर हा हिशोब मांडताच येत नाही. म्हणून शून्य लिहिताना मला कधीच वेळ वाया गेला असं वाटत नाही.

शिवाय प्रत्येक साप सारख्याच सहजपणे नजरेस पडत नाही. धामण दिवसा हिंडते, सळसळत पळते, लगेच लक्षात येते. चापडा हिरव्या फांदीवर दबा धरून निश्चल बसतो. डोळा आणि नाकपुडीमधल्या खळग्याने त्याला भक्ष्याच्या अंगाची ऊब जाणवते, त्यामुळे शोधत फिरण्याची गरज नाही. चार धामणी आणि एक चापडा दिसला, म्हणून धामणी चौपट आहेत असं म्हणणं चूक ठरेल.

सापाला हात लावायचा नाही, काठीनेही डिवचायचं नाही. लांबून फोटो घ्यायचा, आणि त्यात सापाची पाठ नीट दिसायला हवी. बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होतात. जहाल विषारी मण्यारचे बहुधा मानेपासून काही अंतरावर सुरू होतात. मण्यारच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते. अंधुक फोटोवरून अंदाज करण्यापेक्षा ‘ओळख पटली नाही’ असं लिहिलेलं मला जास्त आवडतं.

त्या मुलीला मी हा १४ फेऱ्यांचा हिशोब सांगितला. तिने वही मागून घेतली आणि शून्यापुढे तापमान लिहिलं. ते मी विसरलो होतो.