फ्रिजमागची कुंडली

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी फ्रिज भिंतीपासून सरकवला की मागच्या पत्र्यावर पिवळा पडलेला एक कागद दिसे. चौकोन, रेघा, जोडणीचे ठिपके: फ्रिजच्या वायरिंगचा नकाशा. मेस्त्री डिसमिस काढण्याआधी (स्क्रूड्रायव्हरला बडोद्यात आम्हीही डिसमिसच म्हणतो) तो कागद पुसून वाची. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण अडे तो फक्त वायरीच्या रंगाच्या 'बीएल' या खुणेपाशी. ब्लॅक की ब्लू, काळी की निळी?

या रेघांचं मूळ तारायंत्राच्याही मागे जातं. व्होल्टाने 1800 साली धातूच्या चकत्यांची चळत रचून बॅटरी केली. बॅटरीची आखूड-लांब रेघांची खूण म्हणजे तीच चळत. सुरुवातीला वस्तू दिसे तशी काढत. पुढे कोणता भाग कुठे बसवलाय हे कागदावरून गळालं आणि करंट कशातून कशात जातो तेवढं उरलं. बिघाड शोधायला तेवढंच तर लागतं! 1906 मध्ये लंडनला विजेच्या क्षेत्रातली मानकं ठरवणारा आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोग स्थापन झाला, तरी रेझिस्टन्स (करंटला अडवणारा भाग) नकाशात अमेरिकेत करवतीच्या दातांसारखा आणि युरोपात लांबट चौकोन, असा दोन रूपांत राहिलाच.

सयाजीरावांनी 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, तेव्हा पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह धंदेशिक्षण मातृभाषेतून देण्याचा होता. नकाशा वाचणारा कारागीर या गावाला परका नाही तो तेव्हापासून, असं मला वाटतं.

कागदाला जोड मिळाली मीटरची. डोनाल्ड मॅकेडी या ब्रिटिश पोस्टखात्यातल्या इंजिनिअरने अँपिअर (करंट), व्होल्ट (विजेचा दाब), ओहम (रेझिस्टन्स) मोजणं एकाच पेटीत आणलं. 1923 मध्ये ती बाजारात आली. आमचा मेस्त्री प्लग काढून, वायरी सोडवून कॉम्प्रेसरच्या तीन पिनांवर दोन-दोन करून मीटर लावी. सर्वांत जास्त ओहम ज्या दोघींत, त्या स्टार्ट (मोटर सुरू करणारी) आणि रन (चालती ठेवणारी), उरलेली कॉमन, म्हणजे दोघींची सामाईक. कॉमनपासून कमी दाखवते ती रन. तिन्ही आकडे जुळले, म्हणजे मोठा आकडा बाकी दोघांच्या बेरजेइतका भरला, की कॉम्प्रेसर संशयातून सुटला, मग रिले (मोटर सुरू करून देणारा स्विच) आणि ओव्हरलोड (मोटर तापली की करंट तोडणारा) यांची पाळी.

हल्लीच्या फ्रिजच्या कागदावर मधोमध एक कोरा चौकोन असतो: कंट्रोल बोर्ड. आत काय, ते काढलेलंच नसतं, म्हणून सरसकट 'बोर्ड बदला' म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात आम्हालाही तेच सांगितलं. कागदावरची दाराकडे जाणारी रेघ धरून मीटर लावला, तर वायर बिजागरीत तुटलेली निघाली.