ओव्हरक्लॉक केलेला संगणक आम्ही दोन दिवस का ठेवून घेतो

प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे त्याचा वेग कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा वाढवून घ्यायला आलेले ग्राहक बहुतेक वेळा विचारतात, "संध्याकाळी न्यायला येऊ का?" वेग वाढवण्याचं काम खरंच अर्ध्या तासाचं आहे. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्राममध्ये, दोन-तीन आकडे बदलायचे आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. विंडोज उघडली की झालं, असं वाटतं. पण सुरू होणारा संगणक स्थिर, म्हणजे न अडता आणि न चुकता चालणारा, असतोच असं नाही. तो स्थिर आहे की नाही हे पाहायला आम्हाला दोन दिवस लागतात, आणि ते का लागतात हे तुम्हाला ठाऊक असावं म्हणून हे पत्रक.

वेग कुठून येतो

बेस क्लॉक (मदरबोर्डच्या घड्याळाचा मूळ वेग) गुणिले मल्टिप्लायर (तो कितीपट करायचा तो आकडा), एवढंच हे गणित. आजच्या डेस्कटॉपवर बेस क्लॉक साधारण १०० मेगाहर्ट्झ असतो. मल्टिप्लायर ४५ असेल तर वेग ४.५ गिगाहर्ट्झ होतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात आकड्यांनंतर 'के' हे अक्षर येतं त्यांचा मल्टिप्लायर मोकळा, म्हणजे बदलता येण्याजोगा असतो, आणि तो वापरायला 'झेड' मालिकेचा चिपसेट (मदरबोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप) असलेला मदरबोर्ड लागतो. एएमडीचे बहुतेक रायझेन मोकळेच येतात, मात्र 'ए' मालिकेच्या चिपसेटवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही. म्हणून फोन करताना प्रोसेसर आणि मदरबोर्ड दोन्हींची पूर्ण नावं सांगा.

१९९८ मध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए जुन्या मंडळींना आजही आठवतो. त्याची बस, म्हणजे तेव्हाचा बेस क्लॉक, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३०० चे ४५० मेगाहर्ट्झ व्हायचे, म्हणजे सरळ दीडपट. आज तसं उरलेलं नाही. टर्बो आणि बूस्ट या आपोआप वेग वाढवणाऱ्या सोयींमुळे प्रोसेसर कारखान्यातूनच आपल्या मर्यादेच्या जवळ चालतो. हाताने वाढवता येणारा वेग बऱ्याचदा काही टक्क्यांचाच असतो, हे आम्ही काम हातात घेण्याआधीच सांगतो.

उष्णता वेगाच्या पुढे पळते

वेग वाढवला की बहुधा व्होल्टेजही वाढवावं लागतं. प्रोसेसरला लागणारी वीज वेग वाढला तर त्याच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेज वाढलं तर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा, ४.० वरून ४.४ गिगाहर्ट्झवर जाताना व्होल्टेज १.२० वरून १.३० करावं लागलं. वेग वाढला १० टक्के, उष्णता मात्र सुमारे २९ टक्के. ही उष्णता कूलरला बाहेर टाकता आली नाही, तर प्रोसेसर आपल्या कमाल तापमानाशी पोहोचून स्वतःच वेग उतरवतो. रायझेन ७००० मालिकेतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ही मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे, इंटेलच्या अनेक प्रोसेसरमध्ये १०० अंश. मग बायोसमध्ये आकडा मोठा दिसतो आणि काम होतं पूर्वीपेक्षा सावकाश.

जास्त व्होल्टेजने प्रोसेसर एका दिवसात जळत नाही, पण तो झिजतो. तेवढ्याच वेगासाठी त्याला लागणारं किमान व्होल्टेज हळूहळू वाढत जातं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये हे ओव्हरक्लॉक न करताही घडलं. २०२४ मध्ये कंपनीने मायक्रोकोडमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांमध्ये) सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमचा प्रोसेसर या पिढ्यांतला असेल तर आम्ही आधी बायोस अद्ययावत करतो, बाकी सगळं नंतर.

चुकीचं उत्तर दिसत नाही

घड्याळाचा प्रत्येक ठोका पडण्याआधी ट्रान्झिस्टरमधून जाणारा सिग्नल जागेवर पोहोचलेला असावा लागतो. ठोके लवकर पडू लागले आणि सिग्नल मागे राहिला, तर शून्याच्या जागी एक नोंदला जातो. अशा चुकीने निळा स्क्रीन आला तर एका अर्थी बरंच, निदान कळतं तरी. पण संगणक बंद न पडता एखाद्या फोटोचा तुकडा बिघडतो, झिप फाइल उघडत नाही, हिशेबाच्या फाइलमध्ये एक आकडा बदलतो. ते महिन्यांनी लक्षात येतं, तोवर बॅकअपवरही बिघडलेलीच फाइल गेलेली असते. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

म्हणून चाचणीची सुरुवात रॅमपासून होते. एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारी बायोसमधली तयार सेटिंग, चालू करणं हेसुद्धा ओव्हरक्लॉकिंगच आहे, हे अनेकांना माहीत नसतं. आम्ही पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवतो, विंडोज सुरू न करता, कारण रॅम चुकत असेल तर विंडोज त्या चुका डिस्कवर लिहीत बसते. इथे एकही चूक आम्ही चालवून घेत नाही.

मग प्राइम९५. मर्सेन नावाच्या खास प्रकारच्या मूळ संख्या शोधण्याच्या १९९६ पासून चाललेल्या प्रकल्पाचा हा प्रोग्राम. त्याच्या चाचणीत प्रचंड गुणाकार होतात आणि उत्तरं आधीच ठाऊक असलेल्या उत्तरांशी ताडून पाहिली जातात. संगणक बंद पडला नाही तरी चूक सापडते, यातच त्याची खरी किंमत आहे. लहान आकाराच्या एफएफटीने (हे गुणाकार करण्याची गणिती पद्धत) प्रोसेसर सर्वाधिक तापतो, मोठ्या आकाराने रॅमही कामाला लागते. रात्रभर हे चालतं. जोडीला वाय-क्रंचर आणि ओसीसीटी हे चाचणीचे आणखी दोन प्रोग्राम, कारण एका चाचणीत तरलेला संगणक दुसरीत पडलेला आम्ही पुष्कळदा पाहिला आहे.

दुसरा दिवस उलट्या कामाचा. पूर्ण भारात स्थिर असलेला संगणक नुसता बसलेला असताना हँग होतो, विशेषतः रायझेनवर कर्व्ह ऑप्टिमायझर या बायोसमधल्या सोयीने व्होल्टेज कमी केलेलं असेल तर. हलक्या कामात एकटा कोअर (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणन-भागांपैकी एक) सर्वाधिक वेगावर उडी घेतो आणि नेमकं तेव्हाच व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणून आम्ही एकेका कोअरवर वेगळी चाचणी घेतो, संगणक झोपवतो, उठवतो, पूर्ण बंद करून थंड झाल्यावर सुरू करतो. शेवटी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत 'व्हिया लॉगर'च्या (WHEA-Logger), म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी पाहतो. हार्डवेअरने स्वतः दुरुस्त केलेल्या चुकाही तिथे उमटतात. अशी एक नोंद सापडली तरी आम्ही वेग एक पायरी खाली आणतो आणि चाचणी पहिल्यापासून करतो.

संगणक देण्याआधी आणि नेल्यानंतर

आणण्यापूर्वी बॅकअप घ्या. बॅकअप नसलेल्या संगणकावर आम्ही हे काम करत नाही. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान प्रोसेसरच्या वॉरंटीत सहसा बसत नाही, याची लेखी कल्पना आम्ही देतो.

नेल्यावर कधी संगणक सुरूच झाला नाही तर घाबरू नका. वीज पूर्ण बंद करून सीएमओएस क्लिअर करा, म्हणजे मदरबोर्डवर साठवलेली बायोसची सेटिंग पुसा; त्याची जागा पत्रकासोबतच्या चित्रात दाखवली आहे. सेटिंग मूळपदावर येतात, फाइलना धक्का लागत नाही. बायोस अद्ययावत केल्यावरही आमची सेटिंग पुसली जातात, तेव्हा ती आमच्या सेटिंगच्या कागदावरून पुन्हा भरा किंवा आम्हाला विचारा.

मध्येच हँग झाला किंवा निळा स्क्रीन आला, तर त्यावरच्या स्टॉप कोडचा फोटो काढा आणि त्या वेळी काय चालू होतं, खोली किती तापली होती, संगणक नुकताच झोपेतून उठला होता का, एवढं लिहून ठेवा. त्या चार ओळींवरून आम्हाला कळतं की चूक प्रोसेसरकडे शोधायची की रॅमकडे.