बारा बोअर, आठ मिलिमीटर, वीस इंच: बंदुकीच्या कायद्यातलं भौतिकशास्त्र

हरभऱ्याला घाटे धरले की काटोल, नरखेड, उमरेडकडे रात्रीची जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत अख्खं रान उकरून टाकतो, रोही म्हणजे नीलगायी उभं पीक तुडवतात आणि मग मागणी होते की शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना सहज मिळावा. नागपूर शहरात कुठे गोळीबार झाला की नेमकी उलटी मागणी: परवाने बंद करा. दोन्ही बाजू बंदूक ही एकच वस्तू धरून बोलतात. कायदा तसं धरत नाही. तो नळीच्या आत डोकावतो, तिची लांबी मोजतो, चाप दाबल्यावर काय होतं ते विचारतो. त्यातल्या काही रेषा भौतिकशास्त्राला धरून आहेत, काही निव्वळ जुन्या राजकारणाला.

शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम १३ वाचलं तर एक गंमत दिसते. भारतात शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी तो हक्क घालण्याची दुरुस्ती मांडली होती. कामत मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून गेलेले, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचे. त्यांच्या पाठीशी काँग्रेसचा १९३१ चा कराची ठराव होता, आणि १८७८ च्या कायद्याचा राग होता. त्या कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याची अट घातली आणि युरोपियनांना सूट दिली होती. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला: असा हक्क सरसकट दिला तर सराईत गुन्हेगारही तो मागतील. दुरुस्ती फेटाळली गेली. तरीही कलम १३ मध्ये एका जागी परवाना ‘द्यावा’ अशीच भाषा आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक. रिव्हॉल्व्हर किंवा रायफल हवी असेल तर मात्र ‘योग्य कारण’ पटवून द्यावं लागतं. जवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावर अर्ज फेटाळता येत नाही, हे कलम १४ मध्ये आहे. अनेक अर्जदारांना ते ठाऊकच नसतं.

ठासणीच्या बंदुकीवर, म्हणजे आपल्याकडच्या भरमारवर, कायद्याची एवढी मेहेरनजर का? कारण ती संथ आहे. प्रत्येक बारासाठी दारू, डाट, छरे आणि टोपी असं सगळं नव्यानं भरावं लागतं. अंधारात, घाईत यालाच मिनिट जातं. दमट हवेत दारू ओल धरते आणि बार फुसका जातो. आधीचा बार उडाला नाही हे न कळता वरून दुसरा ठासला, तर नळी फुटून भरणाऱ्याचाच हात जातो. या बंदुकीचे अपघात असेही होतात.

दुसरं कारण गुळगुळीत नळीत आहे. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा कोरलेल्या असतात. जुन्या ली-एनफिल्ड .३०३ रायफलीत (हा आकडा नळीच्या व्यासाचा, इंचात) अशा पाच खाचा, डाव्या पिळाच्या, दर १० इंचाला एक पूर्ण फेरा. गोळी सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगानं सुटते. भागाकार केला तर ती स्वतःभोवती सेकंदाला सुमारे २,९०० वेळा फिरत असते. या फिरकीमुळे तिचं टोक पुढेच राहतं, हवेचा विरोध कमी लागतो आणि ती दोन किलोमीटरच्या पुढेही घातक राहू शकते. छऱ्याची गोष्ट वेगळी. अडीच मिलिमीटरच्या शिशाच्या छऱ्याचं वजन जेमतेम ०.१ ग्रॅम. हवेचा विरोध पृष्ठफळावर ठरतो, तो रेटून पुढे जाण्याची ताकद वस्तुमानावर. गोळा जितका लहान तितकं हे गुणोत्तर त्याच्या विरोधात. म्हणून बारीक छरे पस्तीस-चाळीस मीटरनंतर निस्तेज होतात. फैलावाचा जुना अंदाज गजाला एक इंच असा आहे. ३० गजांवर छऱ्यांचं वर्तुळ अडीच फुटांचं होतं. शेजारच्या धुऱ्यावर कुणी जागल करत असेल, तर त्याच्या जिवासाठी हा फरक निर्णायक आहे.

शेतकऱ्याच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी. हीच मर्यादा रानडुकरासमोर आडवी येते. जाड कातडीवर बारीक छरे फक्त जखम करतात आणि जखमी डुक्कर माणसावर येतं. ठासणीची बंदूक अपुरी आहे असं पटल्यास दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची मुभा कायद्यातच आहे, आणि अर्जात तसं कारणासह लिहिणं शहाणपणाचं. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर आणि रोही मारायला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली वनखात्याची परवानगी वेगळी लागते. ती नसेल तर परवान्याची बंदूक असूनही गुन्हा होतो.

आता बोअर. बारा बोअर म्हणजे नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा एका पौंडात बारा भरतो. गोळा ३७.८ ग्रॅमचा, व्यास साडेअठरा मिलिमीटर. ही मोजदाद सरळ आहे. रायफलीत मात्र कायदा चमत्कारिक वागतो. ७.७ मिलिमीटरची .३०३ निषिद्ध, तिच्याहून जाड ८ मिलिमीटरची .३१५ चालते. पिस्तुलांत ९ मिलिमीटर निषिद्ध, .३२ चालते. यात ताकदीचा हिशेब शोधू नये, तो नाहीच. सैन्याचं काडतूस नागरी बंदुकीत बसू नये आणि कोठारातून चोरलेला दारूगोळा बाहेर निरुपयोगी ठरावा, हा इंग्रजांचा हिशेब होता. तो आपण जसाच्या तसा चालवतो. वीस इंचांची अट मात्र समजण्यासारखी आहे. नळी कापल्यानं बंदूक फारशी अधिक मारक होत नाही, पण कोटाखाली लपते. म्हणून परवान्याशिवाय नळी आखूड करणं हाच कलम ६ नुसार वेगळा गुन्हा आहे.

खरी गुंतागुंत चापाशी होते. आपला कायदा स्वयंचलित शस्त्राची व्याख्या दाबावर करतो: चाप दाबून धरला असता, दाब काढेपर्यंत किंवा गोळ्या संपेपर्यंत जे सुटत राहतं ते निषिद्ध. अमेरिकेचा कायदा चापाच्या ‘एका क्रियेत’ एकाहून जास्त गोळ्या सुटतात का, एवढंच विचारतो. २०१७ मध्ये लास व्हेगासच्या हत्याकांडात मारेकऱ्यानं बंप स्टॉक वापरला होता. हा सरकता दस्ता असतो. गोळी सुटली की धक्क्यानं बंदूक दस्त्यात मागे सरकते, चाप बोटापासून सुटून मूळ जागी येतो, पुढचा हात नळी पुढे ढकलत असतो आणि चाप स्थिर बोटावर पुन्हा आदळतो. बोट जागचं हलत नाही, वेग मात्र मिनिटाला ४०० ते ८०० गोळ्या. जून २०२४ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की ही मशिनगन नाही, कारण प्रत्येक गोळीला चाप नव्यानं दाबला जातो. निकालपत्रात चापाच्या यंत्रणेच्या आकृत्या छापल्या आहेत. यांत्रिकीच्या अंगानं बहुमताचं म्हणणं अचूक आहे. समोर पडणाऱ्या माणसाच्या अंगानं ते निरर्थक आहे. व्याख्या सुट्या भागाच्या हालचालीवर बेतली की असंच होणार. परिणामावर, म्हणजे मिनिटाला किती गोळ्या यावर ती बेतली असती तर हा खटला उभाच राहिला नसता.

वरातीतल्या गोळीबाराबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनं स्वतंत्र शिक्षा घातली: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘वर तर मारली’ हा बचाव गणितात टिकत नाही. १९२० च्या सुमारास अमेरिकी सैन्यातल्या चाचण्यांत सरळ वर मारलेली .३० ची गोळी सेकंदाला सुमारे ९० मीटर वेगानं खाली आली. कातडी फाडायला साठ-सत्तर मीटरही पुरतात. आणि नाचता-नाचता हात काटकोनात वर कुणाचा असतो? तिरकी सुटलेली गोळी फिरकी टिकवते, टोक पुढे ठेवून उतरते आणि याहून वेगात लागते.

हे सगळं परवान्याच्या बंदुकीबद्दल. स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या २०१७ च्या अंदाजानुसार भारतात नागरिकांकडे सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका आहेत, त्यांतल्या नोंदणीकृत जेमतेम ९७ लाख. नागपूरच्या गुन्हे वार्तेत रोज दिसणारा देशी कट्टा या उरलेल्यांत येतो. त्याच्या नळीत खाचा नसतात, गोळी कोलांट्या खात जाते आणि लक्ष्यावर आडवी लागून लांबट भोक पाडते. न्यायसहायक प्रयोगशाळेत तज्ज्ञ तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली गोळीवरचे खाचांचे ओरखडे जुळवतो, ते इथं मिळत नाहीत. मग काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीच्या बुडावरची पिनेची खूण हाच आधार, तीही पुंगळी घटनास्थळी सापडली तर. या ओरखडे जुळवण्यालाही किती विज्ञान म्हणावं, यावर अमेरिकी अध्यक्षांच्या वैज्ञानिक सल्लागार मंडळानं २०१६ मध्ये गंभीर आक्षेप घेतले होते.

परवानाधारकांवरची सर्वांत चर्चित बंधनं संख्येची असतात. २०१९ च्या विधेयकात तीनऐवजी एकच शस्त्र म्हटलं होतं, विरोध झाल्यावर ते दोनवर आलं. माझ्या मते हा आकडा सर्वांत कमी कामाचा आहे. एका माणसाकडे दोन आहेत की तीन, यानं धोका फारसा बदलत नाही. ती कशी ठेवली आहेत यानं बदलतो. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीनं ४८,८३० जण मेले, त्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या. बंदुकीचा असा प्रयत्न दहापैकी जवळपास नऊ वेळा जीव घेतो. म्हणूनच रँड या अमेरिकी संशोधन संस्थेनं शेकडो अभ्यास चाळले तेव्हा, मुलांच्या हाती बंदूक लागू नये म्हणून ती बंद ठेवायला लावणारे कायदे भक्कम पुराव्याच्या मोजक्या उपायांत निघाले.

आपल्या शस्त्र नियम, २०१६ मध्येही सुरक्षित साठवणुकीची अट आहे. व्यवहारात बारा बोअरची नळी खाली दुमडून दोन्ही घरं रिकामी आहेत हे बोटानं चाचपायचं, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवायची, किल्ली परवानाधारकाकडेच. धारक वारला तर घरच्यांनी ती ‘आजोबांची आठवण’ म्हणून माळ्यावर टाकायची नाही. परवाना माणसाबरोबर संपतो. बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, पावती घ्यायची आणि वारसाला ती हवी असेल तर त्यानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा: शहरात पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे.