जखमीचा मोटार अपघात दावा (नाशिक)

रस्त्यावरील वाहन अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीने भरपाईसाठी मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार केलेला अर्ज. बोलण्यात ‘क्लेम टाकणे’. नाशिकमध्ये तो जिल्हा न्यायालयातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. चालकावरचा फौजदारी खटला वेगळा, त्याच्या निकालासाठी क्लेम अडत नाही. वाहनमालक आणि विमा कंपनी हे सामनेवाले, म्हणजे दावा ज्यांच्याविरुद्ध असतो ते पक्ष असतात. पैसे बहुधा कंपनीच भरते, त्यामुळे खरी झुंजही तिच्याशीच.

अपघात नाशकातच घडलेला असावा लागत नाही. कसारा घाट उतरून शहापूर तालुक्यात धडक बसली, तरी नाशिक शहरातल्या सिडकोचा रहिवासी नाशकातच अर्ज करू शकतो. मुदत मात्र सांभाळावी लागते. अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करण्याची, १९९४ मध्ये काढून टाकलेली अट १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात परत आली आहे. प्लास्टर निघेपर्यंत थांबू म्हणणारे इथेच अडकतात.

भरपाई जखम किती खोल यावर ठरत नाही, हात-पाय गेल्याने कोणते काम गेले यावर ठरते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शारीरिक अपंगत्व आणि कमाईची क्षमता यांतला फरक स्पष्ट केला. उजव्या हाताची पकड गेली, तर अपंगत्वाच्या दाखल्यावर समजा ४० टक्के लिहिलेले असेल. कार्यालयातल्या लिपिकाचा पगार त्याने कमी होईलच असे नाही. पण द्राक्षबागेत छाटणी करणाऱ्याच्या हातून कात्रीच सुटते, त्याचे नुकसान ४० टक्क्यांहून बरेच जास्त धरता येते.

हिशेब गुणकाने होतो, म्हणजे वर्षाचे नुकसान वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. वय ३२ असेल तर गुणक १६. महिना १५,००० रुपये कमाई आणि क्षमतेचे नुकसान ४० टक्के धरले, तर १५,००० × १२ × १६ × ४० टक्के म्हणजे ११,५२,००० रुपये. कमाईत भविष्यातील वाढ मिळवली की आकडा चढतो. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, वेदना यांची रक्कम निराळी. रोजंदारीवाल्याकडे पगारपत्रक नसते, म्हणून मुकादमाची साक्ष किंवा बँकेचे पासबुकही कामी येते. नुसता अपंगत्वाचा दाखला जोडून भागत नाही. डॉक्टरांनी साक्षीला येऊन उलटतपासणी द्यावी लागते, आणि तारखा वाढतात त्या बहुतेक इथे. लोकअदालतीत तडजोड लवकर होते, रक्कम मात्र सहसा घासाघीस होऊनच ठरते.

चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर जखमीला ठराविक अडीच लाख मागता येतात. मग जास्तीचा दावा सोडावा लागतो. वाहन सापडलेच नाही, तर ५०,००० रुपयांसाठी महसूल विभागाच्या चौकशी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो.

निफाड-दिंडोरी पट्ट्यात हंगामात मजूर पिकअपमध्ये उभे राहून जातात. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या आशा राणी प्रकरणात ठरवले. मालाबरोबर निघालेला मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी याला अपवाद. बाकीच्यांना बऱ्याचदा गाडीमालकाकडून वसुली करावी लागते, आणि त्याच्याकडे अनेकदा ती पिकअपच तेवढी असते, तीही कर्जावर.