पोकोनोच्या डोंगरातले दोन आठवडे : भरतनाट्यम निवासी शिबिराबद्दल पालकांसाठी

नमस्कार,

न्यू जर्सीतल्या आपल्या घरांतला शनिवार आम्हाला चांगला ठाऊक आहे, कारण वर्षभर आम्हीही इथेच क्लास घेतो. सकाळी पोहणं, मग मराठी शाळा, मधे गाडीतच काहीतरी खाणं आणि चार वाजता नाच. तासातली पहिली दहा मिनिटं अंग मोकळं करण्यात जातात आणि उरलेल्या वेळात मागच्या शनिवारचा अडवू, म्हणजे हातापायांच्या हालचालींचा मूळ धडा, आठवायचा असतो. मुलं मन लावून करतात. पण आठवड्यातून एकदा भेटणारी गोष्ट अंगात मुरायला फार वर्षं लागतात.

आम्ही दोघी पुण्यात शिकलो. क्लासला लवकर पोचलो की जिन्यात बसून राहायचो आणि आत मोठ्या मुलींचं वर्णम्, म्हणजे या नाचातली सगळ्यात मोठी रचना, चालू असायचं. ते आम्हाला कुणी शिकवत नव्हतं, तरी त्यातल्या जती, म्हणजे तालात म्हणायचे बोल, तोंडपाठ झाल्या होत्या. पुढे सातआठ वर्षांनी तेच वर्णम् शिकायची वेळ आली, तेव्हा निम्मं काम आधीच झालेलं होतं. इथल्या मुलांना तो जिना मिळत नाही. हे कानावर पडणं त्यांना मिळावं, एवढ्यासाठी आम्ही हे शिबिर सुरू केलं.

जागा आणि दिवस

शिबिर जुलैमध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरात असतं. एडिसनहून गाडीने साधारण दोन तास लागतात. उन्हाळी कॅम्पसाठीच बांधलेली जागा आम्ही भाड्याने घेतो: लाकडी केबिन, जेवणाचं सभागृह, एक तळं आणि लाकडी जमिनीचे दोन हॉल. वय ९ ते १६. एका केबिनमध्ये आठ मुली आणि दोन ताया, किंवा आठ मुलगे आणि दोन दादा.

सकाळी साडेसहाला घंटेऐवजी ताल धरायच्या लाकडी ठोकळ्याचा आवाज येतो. सात वाजता सगळे हॉलमध्ये. पहिला नमस्कार सावकाश, अर्थ सांगून शिकवतो, कारण बहुतेक मुलांना तो कवायतीसारखा येत असतो. ज्या भूमीवर आता पाय आपटणार, तिची आधी क्षमा मागायची. एका वर्षी दहा वर्षांच्या मुलीने विचारलं, ‘ही तर अमेरिकेची जमीन, हिला आपलं कळेल का?’ तेव्हापासून पहिल्याच सकाळी आम्ही सांगतो की हा मुलूख मुळात लेनापे लोकांचा, डेलावेअर नदीच्या दोन्ही काठांवर त्यांची वस्ती होती. नमस्कार या जमिनीलाच करायचा.

न्याहारीनंतर धाकट्यांचे दोन तास आणि मोठ्यांचे साडेतीन तास अडवू आणि रचना. तट्टडवू, नाट्टडवू, तीर्मानम हे अडवूंचे प्रकार, सगळे तीन काळांत, म्हणजे संथ, मध्यम आणि जलद लयीत. तिसऱ्या काळात पाय धावतात आणि अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं, वर येते, हे घरच्या आरशात लक्षात येत नाही. इथे शेजारच्या रांगेतली मैत्रीण खाली बसलेली दिसते आणि न सांगता कंबर खाली जाते.

दुपारी विश्रांती आणि मग हस्त, म्हणजे हाताच्या मुद्रा. अभिनयदर्पण या जुन्या संस्कृत ग्रंथात असंयुत, म्हणजे एका हाताचे, हस्त २८ सांगितले आहेत आणि त्यातला पहिला पताक. त्याचे उपयोग सांगणारा श्लोक मुलं क्लासमध्ये घोकतात: नाट्यारंभ, मेघ, वन, नदी. आम्ही हा श्लोक तळ्याच्या काठावर घेतो. समोर ढग आहे, रान आहे, पाणी आहे. बोटं जुळवलेला तोच सरळ तळवा, पण ढगासाठी मनगट कसं हलतं आणि पाण्यासाठी कसं, हे बघून बघून करायचं. चारनंतर पोहणं आणि होडी, त्यात नाच अजिबात नाही. संध्याकाळी गाणं, हातावर ताल देणं आणि गोष्ट. साडेनऊला दिवे बंद.

या सगळ्यात मोठ्या गटाची तालीम हॉलची दारं उघडी ठेवूनच होते. चौथ्या-पाचव्या दिवशी ताटं विसळताना धाकट्यांच्या तोंडून ‘तदिंगिणतोम’ ऐकू यायला लागतं.

भरतनाट्यम आणि मराठी

मराठी घरांतून एक प्रश्न नेहमी येतो: हा नाच तमिळ मुलखातला, मग आपण मुलांना यात का घालायचं? लावणी किंवा कथक जास्त जवळचं नाही का? लावणी आणि कथक शिकावंच. पण या नाचाशी आपलं नातं फार जुनं आहे आणि ते अनेक मराठी घरांना ठाऊक नसतं.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजे एकोजी राजे, यांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं. तिथलं भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत टिकलं. या दरबारात तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी एकत्र नांदल्या. व्यंकोजींचे पुत्र शाहजी राजांनी स्वतः नाटकं लिहिली. दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ तिथे होते. अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना हा आज अरंगेत्रममध्ये, म्हणजे शिष्याच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमात, सहसा दिसणारा क्रम बसवण्याचं श्रेय या चौघांना दिलं जातं. म्हणजे तुमची मुलगी ज्या क्रमाने नाचते, तो एका मराठी राजाच्या पदरी असलेल्या गुरूंनी घडवला.

याच सरफोजींच्या दरबारात नृत्यासाठी मराठीत निरूपणं रचली गेली. एक कथा, तिचे अनेक नृत्यभाग, आणि सगळ्यांना एकच राग, एकच ताल. ती तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात राहिली. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी त्यांचा अभ्यास करून ती पुन्हा नाचात आणली. त्यांच्या शिष्या, पुण्याच्या सुचेता भिडे-चापेकर यांनी तंजावरच्या मराठी रचनांवर पुढे मोठं काम केलं. आम्हाला हे सगळं उशिरा, विशीत कळलं. मुलांना ते दहाव्या-बाराव्या वर्षी कळावं असं वाटतं.

गेले दोन उन्हाळे मोठ्या गटाला आम्ही निरूपणातला एक छोटा भाग शिकवतो. दोनशे वर्षांपूर्वीची मराठी, कर्नाटक संगीतात बांधलेली. आमच्याकडे तेलुगू, तमिळ, गुजराती घरांतली मुलंही असतात. मागच्या वर्षी एका ओळीवर सगळे अडले आणि तेलुगू मैत्रिणींनी वळून आमच्या मराठी मुलीला अर्थ विचारला. तिला सगळा आला नाही, अर्धा आला. पण एरवी घरी मराठीत बोललं की इंग्रजीत उत्तर देणारी ती मुलगी त्या संध्याकाळी आमच्यामागे लागून एकेक शब्द विचारत होती. उरलेला अर्थ तिने साताऱ्याच्या आजीला पत्र लिहून विचारला.

धाकट्यांसाठी सरफोजी राजांच्या ‘देवेंद्र कोरवंजी’ची गोष्ट असते. कोरवंजी म्हणजे भविष्य सांगत फिरणारी बाई, आणि या मराठी नाट्यात ती जगाचा भूगोल सांगते. आम्ही पृथ्वीचा गोल मधे ठेवतो आणि मुलं आळीपाळीने कोरवंजी होतात.

तेरा वर्षांवरच्या मुलांना अवघड भागही सांगतो. हा नाच पूर्वी सदिर म्हणून ओळखला जायचा. तो पिढ्यानपिढ्या देवदासी स्त्रियांनी सांभाळला. पुढे त्यांच्यावर समाजाने डाग लावला, १९४७ मध्ये मद्रासमध्ये कायद्याने देवळात मुली वाहण्यावर बंदी आली, आणि नाच नव्या नावाने इतर घरांत गेला. बालासरस्वती (१९१८–१९८४) याच परंपरेतल्या. त्यांच्या घराण्यातल्या पापम्माळ अठराव्या शतकात तंजावर दरबारी होत्या. बालासरस्वती १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या जेकब्ज पिलो या नृत्यमहोत्सवात नाचल्या आणि पुढे कनेक्टिकटच्या वेस्लियन विद्यापीठात त्यांनी शिकवलं. काही पालकांना हा इतिहास मुलांसाठी जड वाटतो. आमचं मत स्पष्ट आहे: ज्यांच्यामुळे हा नाच आपल्यापर्यंत आला, त्यांची नावं न सांगता तो शिकवणं बरोबर नाही.

पाय आणि जमीन

पहिल्या वर्षी आमच्याकडून चूक झाली. भाड्याने घेतलेला हॉल दिसायला सुंदर होता, पण वरच्या चकचकीत थराखाली काँक्रीट होतं. चौथ्या दिवशी सहा मुलींच्या नडग्या दुखायला लागल्या. आम्ही दोन दिवस पायांचं काम पूर्ण बंद ठेवून बसून अभिनय घेतला आणि घरोघरी फोन करून कारण सांगितलं. आता जागा ठरवताना आम्ही खोल्या पाहण्याआधी हॉलची जमीन पाहतो. लाकूड हवं आणि त्याखाली पोकळी हवी, म्हणजे पाय आपटल्यावर दणका हाडात न जाता जमिनीत जिरतो.

तुमच्याकडूनही मदत हवी. एरवी आठवड्याला एक तास नाचणारं मूल एकदम रोज तीन तास नाचलं की पाय कुरकुरणारच. शिबिराआधी महिनाभर रोज पंधरा मिनिटं घरात अनवाणी सराव करू द्या. अरमंडीत गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच उघडतात ना, ते समोर उभं राहून पाहा. आधीचं काही दुखणं असेल तर आम्हाला लिहून कळवा. ते कळलं म्हणून कुणालाही नाकारत नाही, त्या मुलाचा सराव वेगळा आखतो.

रान, औषधं आणि माणसं

पेन्सिल्व्हेनियात गोचिडीमुळे होणारा लाइम आजार बराच आहे. म्हणून रानातून चालताना लांब पायजमा आणि मोजे, आणि रोज रात्री अंघोळीनंतर कान, मान, गुडघ्यामागची जागा तपासणं ठरलेलं असतं. अंगाला लागली की खाज आणणारी तीन पानांची पॉयझन आयव्ही पहिल्या दिवशी दाखवतो. या डोंगरात काळी अस्वलं आहेत, त्यामुळे केबिनमध्ये खाण्याचा एकही पदार्थ ठेवता येत नाही. आजीने पाठवलेला, दाणे-काजू न घातलेला चिवडा स्वयंपाकघरात जमा होतो आणि रात्री सगळ्यांना वाटला जातो.

मुलांसोबत राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची राज्य पोलिसांकडची, बालअत्याचार नोंदीची आणि एफबीआयच्या बोटांच्या ठशांची अशा तिन्ही तपासण्या झालेल्या असतात. हे कागद पालकांनी मागावेत, आम्ही दाखवतो. आमच्याकडेच नव्हे, कुठल्याही शिबिरात मागावेत. औषधं नर्सकडे मूळ डबीतच द्यायची. डॉक्टरांची सही असलेला आरोग्याचा फॉर्म नसेल तर मुलाला घेता येत नाही.

जेवण शाकाहारी: पोहे, इडली, वरणभात, पोळीभाजी आणि आठवड्यातून दोनदा पिझ्झा. शेंगदाणे, काजू, बदाम स्वयंपाकघरात आणत नाही, कारण दरवर्षी दोनतीन मुलांना त्यांची अ‍ॅलर्जी असते. त्यामुळे शिबिरात आषाढी आली तर दाण्याच्या कुटाची साबुदाण्याची खिचडी मिळत नाही, भगर आणि बटाट्याची भाजी असते. त्या दिवशी टाळ घेऊन तळ्याभोवती दिंडी निघते. पावली टाकायला तमिळ मुलंही शिकतात, आणि वारकऱ्यांच्या या पावलात आणि तट्टडवूत काय सारखं आहे, काय वेगळं, हा त्या दिवसाचा धडा.

घरची आठवण

फोन पहिल्या दिवशी आमच्याकडे जमा होतात. आम्ही रोज संध्याकाळी एक निरोप आणि काही फोटो पाठवतो. बहुतेक मुलांना पहिले तीन-चार दिवस आठवण येते आणि ती झोपताना येते. त्या वेळी ताई जवळ बसलेली असते. निघताना ‘नाही आवडलं तर लगेच न्यायला येतो’ असं कृपा करून सांगू नका. मूल मग आवडतंय का हेच मोजत बसतं. मूल खरोखर सावरेनासं झालं तर फोन आम्हीच करू, तुम्हाला अंधारात ठेवणार नाही.

त्याऐवजी पत्रं लिहा, आणि आजीआजोबांना मराठीत लिहायला सांगा. भारतातून पोस्ट वेळेत पोचेल याची खात्री नसते. त्यांच्या अक्षरातल्या कागदाचा फोटो पाठवला तरी आम्ही छापून देतो. मुलाला वाचता आलं नाही तर ताई शेजारी बसून वाचायला लावते.

कोणी यावं

निदान वर्षभर शिकलेलं मूल यावं. मुलग्यांनी जरूर यावं. तंजावरचे चौघे भाऊच होते, हे त्यांना सांगा. तुमच्या मुलाच्या गुरूंना आधी विचारा आणि त्यांची परवानगी घ्या. पंदनल्लूर, वळुवूर, कलाक्षेत्र अशा वेगवेगळ्या बाण्यांत, म्हणजे शैलींत, हात कुठे थांबतो, पाय कसा पडतो हे बदलतं. आम्ही कुणाची बाणी बदलत नाही, मूल आपल्या गुरूंनी शिकवलेलंच पक्कं करून परत जातं. दोन आठवड्यांत अरंगेत्रमची तयारी होत नाही, परीक्षाही नाही, प्रमाणपत्रही नाही. ज्या मुलाला स्वतःला यायचं नाही, त्याला यंदा पाठवू नका. पुढच्या वर्षी विचारा.

सोबत आणायचं: सरावाच्या दोन सुती साड्या किंवा सलवार-कमीज, घुंगरू, वही, टॉर्च, पोहण्याचे कपडे आणि एक स्वेटर, कारण पोकोनोत जुलैतही रात्री गारवा असतो. शुल्क आणि तारखा सोबतच्या अर्जावर आहेत. फी हप्त्यांत द्यायची असेल तर मोकळेपणाने सांगा.

शेवटच्या दिवशी दुपारी दोन वाजता पालकांनी यावं. वेशभूषा, दागिने, रंगमंच काही नसतं. मुलं सरावाच्या साडीतच त्या दोन आठवड्यांत शिकलेलं करून दाखवतात, आणि मोठ्या गटाचं नाचणं चालू असताना धाकटे बाजूला बसून जती म्हणतात.

अर्जाच्या मागच्या पानावर चार ओळींची जागा कोरी आहे. ती मुलाने स्वतः, कुठल्याही भाषेत भरायची आहे. अर्ज आला की आम्ही ते पान आधी वाचतो.