इन्फ्लुएन्सर-विडंबन मालिका (ग्रामीण विदर्भ)

समाजमाध्यमांवरचे इन्फ्लुएन्सर, त्यांची बोलण्याची ढब, त्यांच्या जाहिराती आणि व्ह्यू-फॉलोअरचा हव्यास यांची टिंगल करणारी, तीच पात्रे घेऊन सीझनमागून सीझन परत येणारी विनोदी मालिका. सुट्या रीलमध्ये चालू ट्रेंडची नक्कल असते. ट्रेंड संपला की रीलही संपते. मालिकेचा पाया म्हणजे एका माणसाची हौस. तो दर भागात नवे काहीतरी दाखवायला, शिकवायला किंवा विकायला निघतो आणि दर भागात घरचे, शेजारचे किंवा त्याचेच वावर (शेत) त्याला उघडे पाडतात. विदर्भातल्या खेड्यांत हा प्रकार वऱ्हाडी, नागपुरी आणि झाडी बोलींत, मुख्यतः यूट्यूब व इन्स्टाग्रामवर चालतो. चार ते सात जणांचा संच, दोन फोन, एक-दोन माइक आणि ओळखीच्यांची घरे एवढ्या भांडवलावर काम भागते.

पूर्वपीठिका

5 सप्टेंबर 2016 रोजी जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला आणि व्हिडिओ खेड्यापर्यंत पोहोचला. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह 59 ॲपवर बंदी घातली. त्याच जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील आणले, सप्टेंबरात यूट्यूब शॉर्ट्स आले. टिकटॉकवर जमवलेले फॉलोअर एका रात्रीत गेले, त्यामुळे ‘आपले दोन लाख होते भाऊ’ असे उसासे टाकणारे पात्र या प्रकाराला आयतेच मिळाले.

चावडीवर सगळ्यांसमोर नाव न घेता टोपी उडवण्याची रीत मात्र विदर्भाला नवी नाही. शेंडगावला जन्मलेले गाडगे महाराज वऱ्हाडीतल्या कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारत आणि ढोंग त्यांच्याच तोंडून कबूल करून घेत. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मारबतींच्या मोठ्या पुतळ्यांबरोबर बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे, निघतात. त्या वर्षी लोकांना छळणाऱ्या गोष्टीचा पुतळा करून गावाबाहेर नेतात. मिरवणूक दरवर्षी तीच, बडग्याचा विषय नवा. परत येणाऱ्या मालिकेची घडण नेमकी हीच आहे. पूर्व विदर्भातली दंडार व खडीगंमत ही लोकनाट्ये आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा परिसरातून चालणारी झाडीपट्टी रंगभूमी यांनी या मालिकांना नट दिले आणि प्रेक्षकाच्या प्रतिसादासाठी थांबण्याची सवयही दिली. ही सवय कॅमेऱ्यापुढे नडते. रंगमंचावर हशा ओसरेपर्यंत थांबणारा नट फोनसमोर तसाच थांबला, तर एडिटिंगमध्ये प्रत्येक संवादामागे सेकंद-दीड सेकंद कापत बसावे लागते.

विनोदाची बैठक

सगळा विनोद कॅमेरा चालू असताना आणि बंद झाल्यावर दिसणाऱ्या फरकावर उभा असतो. कॅमेरा चालू झाला की पात्र शहरी मराठी, हिंदी आणि इंग्रजीची मिसळ बोलते. मध्येच कोणी हाक मारली की जीभ घसरून घरच्या बोलीवर येते. नट ही घसरण सहज करू शकला तर मालिका टिकते. जो दोन्हीकडे सारखेच अचकट वऱ्हाडी बोलतो, त्याच्यावर लोक दोन भाग हसतात आणि तिसऱ्याला सोडून देतात.

घसरणीला कारणही खरे लागते. नमुन्यादाखल असा प्रसंग घ्यावा: जूनचा पहिला आठवडा, ओसरीवर फोन लावलेला, पात्राच्या हातात कपाशीच्या बियाण्याचे पाकीट.

‘तर मित्रांनो, आज आपण करणार आहोत या वर्षीचं सगळ्यात मोठं अनबॉक्सिंग! वजन चारशे पंचाहत्तर ग्रॅम, आणि लूक एकदम प्रीमियम...’
‘अबे, थे पाकीट फोडू नोको! पान्याचा पत्ता नाही अन् तू काहाले फोडून राह्यला?’
‘थांब ना व माय, व्हिडिओ करून राह्यलो!’
‘व्हिडिओ पेरशीन का वावरात? तुया बापाले येऊ दे, मंग पाय.’

येथे माय शंभर टक्के बरोबर आहे. पेरणीआधी पाकीट फोडले तर बियाणे उघडे पडते. पुढे उगवण झाली नाही तर तक्रारीसाठी पाकीट, त्यावरचे लेबल, थोडे बियाणे आणि बिल जपून ठेवलेले असावे लागते. पात्राने पाकीट फाडून लेबल कॅमेऱ्यासमोर चुरगाळले की शेतकरी प्रेक्षक चरकतो आणि हसतोही. शेतीची माहिती कच्ची असलेल्या लेखकाला हा प्रसंग सुचत नाही. तो पात्राला शेणात पाडून मोकळा होतो.

नेहमीच्या पात्रांत शेतीचे सल्ले देणारा ‘ज्ञानी’, पहाटे धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभा राहून यश शिकवणारा मोटिवेशनवाला, ट्रेडिंगचा स्क्रीनशॉट दाखवणारा, स्वतःच्या वाढदिवसाचे बॅनर लावणारा ‘भाऊ’ आणि तर्री-पोह्याच्या ठेल्यावर फुकटात खाऊन रिव्ह्यू देणारा ही मंडळी येतात. सर्वांत अवघड पात्र ‘व्लॉगर वहिनी’चे. पुरुषाने लुगडे नेसून ते केले की खडीगंमतीतल्या नाच्याची (बाईचे सोंग घेणाऱ्या पुरुषाची) आयती परंपरा मदतीला येते. पण बघताबघता हसू व्लॉगच्या दिखाऊपणावरून सरकून ‘बाई कॅमेऱ्यासमोर आलीच कशी’ यावर जाते. हे पात्र बाईनेच करावे आणि व्लॉगमधल्या ‘सुखी कुटुंबा’ला फोडणारी तीच असावी, हा त्यावरचा चांगला उपाय.

लेखन

सहज बोलण्यात मिनिटाला 130 ते 150 शब्द जातात. सात मिनिटांच्या भागाला, नजरा आणि थांबे धरून, 800 ते 900 शब्दांची संहिता पुरते. दीड मिनिटाच्या रीलला 180 शब्दांहून अधिक लिहिले की नट धावतो. भाग उघडतो तो पात्राच्या स्वतःच्या व्हिडिओवर, आणि पहिला अडथळा 30-40 सेकंदांच्या आत यायला हवा. त्याहून उशीर झाला तर विडंबन आणि खरा व्हिडिओ यांत फरक राहत नाही.

गाव लहान असते, त्यामुळे कोणाची नक्कल आहे हे पहिल्याच भागात ओळखले जाते. भावकीतला असला तर भांडण दारात येते. अनुभवी लेखक एका पात्रात तिघांच्या लकबी घालतात: एकाची केशरचना, दुसऱ्याची ‘लिंक बायोमध्ये’ म्हणण्याची पद्धत, तिसऱ्याची गाडी. नाव, आडनाव, गाडीचा नंबर आणि दुकानाचा बोर्ड कोणाचाही खरा वापरत नाहीत. विनोद केला म्हणून अब्रुनुकसानीची तक्रार होत नाही असे नसते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली ती करता येते.

चित्रीकरण

दोन फोन लागतात आणि दोघांची कामे वेगळी. पात्राच्या हातातल्या फोनवर खरोखर उभे, 9:16 चित्रण चालू ठेवतात. दुसरा फोन स्टँडवर आडवा, 16:9. उभ्या चौकटीत ब्युटी फिल्टर, भडक रंग आणि मागे संगीत. आडव्या चौकटीत यातले काही नाही, फक्त गिरणीचा आवाज, कोंबडा, लांबचा पंप. संगीत झटक्यात तोडून आडव्या चौकटीवर आले की वेगळा विनोद करावा लागत नाही. नवखे लोक घाईत दोन्हीला एकच फिल्टर लावतात, मग कोणते ‘त्याचे’ आणि कोणते ‘खरे’ ते कळत नाही. भाग पडण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे.

घरात रात्री शूट करताना एलईडी दिव्याखाली चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. आपली वीज 50 हर्ट्झची असते आणि फोनचा शटर आपोआप भलत्याच वेगावर जातो, म्हणून हे होते. कॅमेरा ॲपमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 वर लॉक करावा. सिंगल फेज लाईनचा दाब खाली-वर होत असेल तर उजेडही हलतो. अशा वेळी बॅटरीवरचा दिवा बरा. लाईन जाईल हे धरूनच चालावे.

आवाज बिघडला तर चित्र कितीही चांगले असो, लोक पुढे सरकवतात. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, सुती कपड्यावर लावावा. टेरिकॉटचा शर्ट आणि खांद्यावरचा दुपट्टा घासून खसखस येते. वावरात वाऱ्यासाठी माइकवर केसाळ टोपी हवीच, नुसता फोम पुरत नाही. प्रत्येक जागी कोणी न बोलता अर्धा मिनिट आवाज वेगळा टिपून ठेवावा, म्हणजे कापलेल्या जागा त्याने भरता येतात. थ्रेशर किंवा हार्वेस्टर चालू असेल तर त्या दिवशी संवाद घेऊ नयेत.

उन्हाळा हा सर्वांत मोठा शत्रू. फोन साधारण 35 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. आधी स्क्रीन मंद होते, मग चार्जिंग थांबते, शेवटी कॅमेरा बंद पडतो. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाचनंतर एवढाच वेळ खरा. तापलेला फोन फ्रीजमध्ये ठेवू नये, आत दव धरते. कव्हर काढून सावलीत पंख्याखाली ठेवावा.

1080 पिक्सेल, सेकंदाला 30 फ्रेम अशा एका मिनिटाला साधारण 100 ते 130 एमबी जागा जाते. दोन फोनवर दिवसभर घेतले की 64 जीबीचा फोन संध्याकाळपर्यंत भरतो, म्हणून रोज रात्री माल लॅपटॉपवर किंवा ओटीजी (थेट फोनला जोडता येणाऱ्या) पेनड्राइव्हवर उतरवतात. तयार झालेला आठ मिनिटांचा भाग अंदाजे 480 एमबीचा होतो. अपलोडचा वेग 4 एमबीपीएस (सेकंदाला 4 मेगाबिट, म्हणजे अर्धा एमबी) मिळाला तर त्याला 16 मिनिटे लागतात. स्लॅबवर चढूनही एकच काडी दिसत असेल तर तासभर. दिवसाचा डेटा संध्याकाळी सात वाजता संपलेला असणे हेही नित्याचेच.

परत येणे

सीझन शेतीच्या वेळापत्रकावर ठरतो. जून-जुलैत पेरणी-डवरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची कापणी, त्यापुढे कापसाची वेचणी. नट आणि त्यांची घरे दोन्ही मोकळी सापडत नाहीत. फेब्रुवारी-मार्च हा चित्रीकरणाचा सोयीचा काळ. झाडीपट्टीचे नट मात्र दिवाळी ते होळी रात्रभर नाटकांत असतात, त्यामुळे वडसा, ब्रह्मपुरी, साकोलीकडचे संच होळीनंतर उन्हाच्या तडाख्यात काम करतात.

आठ भाग सलग चार-पाच दिवसांत घेतले तर सातत्य टिकते. दाढी-केसांपेक्षा पिकाने घोळ होतो. एका संवादात मागे हिरवा हरभरा आणि उत्तरात सोंगलेले (कापणी झालेले) वावर दिसले की पहिली कमेंट त्याचीच येते. वावरातले सगळे प्रसंग, कोणत्याही भागाचे असोत, म्हणून आधी उरकतात. ओसरीवरचे नंतर घेतले तरी चालतात.

दुसरा सीझन पडण्याची कारणे ठरलेली आहेत. पहिल्यात गाजलेले वाक्य दर दोन मिनिटांनी येते. ट्रेंडची गाणी जुनी झालेली असतात, शिवाय हक्कदाराने दावा केला तर यूट्यूबवर त्या भागाचे उत्पन्न त्याच्याकडे वळते. त्यामुळे दोन महिन्यांत शिळा होणारा ट्रेंड कथेच्या मध्यभागी न ठेवता कडेला ठेवतात. मध्यभागी उधारी, लग्न जुळणे, पीकविम्याची वाट असे न संपणारे विषय. मधल्या काळात पात्राचे काही व्हायलाही हवे: फॉलोअर घटलेत, किंवा गावात दुसरा इन्फ्लुएन्सर उभा राहिला आहे.

आणखी एक धोका विडंबन खरे समजले जाण्याचा. भागाचे वीस सेकंद कापून व्हॉट्सॲपवर फिरतात आणि त्यात विनोदाची सूचना उरत नाही. फवारणीच्या प्रसंगात हे जिवावर बेतू शकते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. म्हणून ‘ज्ञानी’ पात्राच्या तोंडी औषधांची खरी नावे किंवा मिश्रणाचे प्रमाण घालत नाहीत, पंपात साधे पाणी ठेवतात, आणि त्याची चूक पुढच्या चौकटीत नव्हे, त्याच चौकटीत उघडी पाडतात.

उत्पन्न आणि जाहिरात

यूट्यूबच्या जाहिरात-उत्पन्नासाठी 1,000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4,000 तासांचे प्रेक्षण, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यू लागतात. लांब व्हिडिओत निर्मात्याचा वाटा 55 टक्के, शॉर्ट्सच्या वाटपात 45. म्हणून पूर्ण भाग यूट्यूबवर आणि त्यातले तुकडे रील म्हणून, अशी विभागणी रूढ आहे.

एवढ्यावर घर चालत नाही, मग जाहिरात येते आणि मालिकेची खरी परीक्षा तेथे होते. ज्या पात्राने तीन भाग पैसे लावायच्या गेमिंग ॲपची टर उडवली, त्याच नटाने चौथ्या भागाआधी तसलीच जाहिरात केली की विडंबनाचे दात पडतात. कायदाही आडवा येतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केला. त्यात अशा खेळांच्या जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला चेहरा देणाऱ्यासही 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

कृषी सेवा केंद्र, मंगल कार्यालय, कपड्याचे दुकान अशा स्थानिक जाहिराती त्यामानाने निर्धोक. त्याही कथेत लपवून न घालता सुरुवातीलाच ‘जाहिरात’ असे ठळक लिहून घेतात. 2021 पासून जाहिरात मानक परिषदेची इन्फ्लुएन्सरांसाठी तशी मार्गदर्शक तत्त्वे आहेत. काही संच जाहिरात सरळ पात्राच्याच गळ्यात मारतात: तो दुकानदाराकडून शर्ट घेतो, कॅमेऱ्यासमोर त्याचे गोडवे गातो आणि कॅमेरा बंद झाल्यावर दुकानदार शर्ट परत मागतो. दुकानदार सहसा स्वतःचीच भूमिका करतो आणि तिचे पैसे घेत नाही.